एका सालचे दोन मानकरी

चित्रपटांस पारितोषिकें देण्याची चाल आतां इतकी रूढ झाली आहे कीं, वर्षाच्या बारा महिन्यांत कोठें ना कोठें तरी असा एखादा समारंभ चालूच असतो. आणि कोणत्या चित्रपटास कोणतें पदक मिळालें, हें पुढच्या वर्षीं फारसें कोणाच्या ध्यानांतही राहत नाहीं. परंतु आजही दिल्या जाणाऱ्या दोन मोठ्या पारितोषिकांचा आरंभ ज्या एकाच सालीं झाला, तें साल मात्र ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. तें साल १९५४.

त्या सालच्या मार्च महिन्यांत मुंबईस एक कौल लागला आणि ऑक्टोबर महिन्यांत दिल्लीस दुसरा. पहिला कौल एका पाक्षिकाच्या वाचकांनीं दिला. दुसरा सरकारनें नेमलेल्या समितीनें. पहिल्या कौलांत बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ हा चित्रपट श्रेष्ठ ठरला. दुसऱ्या कौलांत त्याच चित्रपटास गुणपत्र मिळालें आणि सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटास गेलें. एकाच हंगामाचें पीक दोन बाजारांत दोन मापांनीं मोजलें जावें, तसा हा प्रकार झाला. या दोन मापांचा विचार केला म्हणजे पारितोषिकानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें पुष्कळ अंशीं कळून येतें.

पहिला समारंभ २१ मार्च १९५४ रोजीं मुंबईच्या मेट्रो चित्रगृहांत झाला. ‘फिल्मफेअर’ हें इंग्रजी पाक्षिक टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेनें १९५२ सालीं सुरू केलेलें होतें. या पाक्षिकानें आपल्या वाचकांचीं मतें मागविलीं व त्या मतांवरून मानकरी ठरविले. टाइम्सच्या चित्रपट-समीक्षक क्लेअर मेंडोंसा यांच्या स्मरणार्थ या पारितोषिकांस आरंभीं ‘क्लेअर्स’ असें नांव दिलें होतें. दोन्ही हात मस्तकावर उंचावून नृत्याच्या पवित्र्यांत उभी असलेली जी स्त्रीमूर्ति विजेत्याच्या हातीं देतात, ती टाइम्सचे कला-संचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या देखरेखीखालीं शिल्पकार एन. जी. पानसरे यांनीं घडविली. पुढें या समारंभांत विभागांची संख्या वाढत वाढत एवढी झाली कीं, तीं नांवें वाचतां वाचतां रात्र सरावी. परंतु त्या पहिल्या वर्षीं विभाग होते अवघे पांच: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीत.

पांचांपैकीं पहिलीं दोन पारितोषिकें ‘दो बिघा जमीन’नें मिळविलीं, श्रेष्ठ चित्रपट तोच आणि श्रेष्ठ दिग्दर्शक बिमल रॉय. नटाचें पारितोषिक दिलीपकुमार यांस ‘दाग’मधील भूमिकेबद्दल मिळालें. मातीचीं खेळणीं करून पोट भरणारा, मद्यापुढें हतबल झालेला एक तरुण त्यांनीं त्यांत उभा केला होता. नटीचें पारितोषिक मीनाकुमारी यांस ‘बैजू बावरा’साठीं आणि संगीताचें नौशाद यांस त्याच चित्रपटासाठीं मिळालें. ‘दाग’ व ‘बैजू बावरा’ हे दोन्ही १९५२ सालीं लागलेले बोलपट; ‘दो बिघा जमीन’ १९५३ चा. ‘बैजू बावरा’तील गायनाच्या अखेरच्या चढाओढींत उस्ताद अमीर खां आणि दत्तात्रेय विष्णु पलुस्कर या दोन थोर गवयांचे आवाज नौशाद यांनीं घेतले होते, आणि शास्त्रीय रागदारी सामान्य प्रेक्षकांच्या घरांत नेऊन पोंचविली होती. वाचकांनीं या श्रमांची कदर केली असेंच म्हणावें लागेल.

बहुमतानें दिलेला निर्णय उथळ असतो, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. हा पहिला कौल त्या समजास धक्का देणारा आहे. इंग्रजी पाक्षिक वाचणारा वर्ग शहरांतला आणि बऱ्यापैकीं सुस्थितींतला. करमणुकीचे पुष्कळ चित्रपट त्याच्यापुढें होते. तरीही त्यानें श्रेष्ठ म्हणून निवडला तो एका कर्जबाजारी शेतकऱ्याचा चित्रपट, कीं ज्याच्या शेवटीं दुःखाचा परिहार होत नाहीं आणि कोणास न्यायही मिळत नाहीं.

‘दो बिघा जमीन’ची कथा साधी आहे. शंभू महतो या शेतकऱ्याची दोन बिघे जमीन जमीनदारास हवी आहे. कारण त्या जागीं गिरणी उभी राहावयाची आहे. शंभू स्वतःच्या हिशेबाप्रमाणें पासष्ट रुपये देणें लागतो. जमीनदाराच्या वहींत मात्र तो आंकडा फुगून २३५ रुपये झालेला असतो. न्यायालय त्यास तीन महिन्यांची मुदत देतें. शंभू आपल्या लहान मुलासह कलकत्त्यास जातो आणि हातरिक्षा ओढूं लागतो. एका प्रसंगीं गाडींतील उतारू पुढच्या रिक्षेशीं शर्यत लावतो, अधिक पैशांचें आमिष दाखवितो, आणि माणूस घोड्यासारखा धांवूं लागतो. अखेर चाक निखळतें. पैसे जमत नाहींत, जमीन जाते. गांवीं परतल्यावर कुंपणाआडून शंभू आपल्या शेताची मूठभर माती उचलतो, तीही पहारेकरी त्यास टाकावयास लावतो.

ही भूमिका करणारे बलराज साहनी लाहोरास इंग्रजी साहित्य घेऊन एम्. ए. झालेले, शांतिनिकेतनांत त्यांनीं अध्यापन केलेलें, लंडनला बी.बी.सी.त काम केलेलें. असा हा विद्वान गृहस्थ कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखरीची रिक्षा ओढावयास शिकला. त्याची चाल, वांकलेली पाठ, धापा टाकणारी छाती यांवर हा सारा चित्रपट उभा आहे. चित्रपट श्रेष्ठ ठरला, दिग्दर्शक श्रेष्ठ ठरला. परंतु ज्याच्या खांद्यावर तो चित्रपट होता, त्याच्या हातीं त्या रात्रीं कांहीं आलें नाहीं. एवढेंच नव्हे, तर श्रेष्ठ नटाचें हें पारितोषिक बलराज साहनी यांस पुढें आयुष्यांत कधींही मिळालें नाहीं. म्हणून दिलीपकुमार यांस अपात्र कोण म्हणेल? जागा एक आणि तिला शोभणारीं माणसें दोन असलीं, म्हणजे एक जण उभा राहणारच. यादींत ज्याचें नांव नाहीं तो कमी, असा अर्थ काढण्याची घाई करूं नये, हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘फिल्मफेअर’ची स्पर्धा हिंदी चित्रपटांपुरती होती, ‘श्यामची आई’चा तेथें प्रश्नच उद्भवत नव्हता. आणि समजा, उद्भवला असता, तरी काय झालें असतें? ज्या वाचकास मराठी येत नाहीं तो मराठी चित्रपट पाहणार कसा, आणि न पाहतां त्यास मत देणार कसा? मतांची मोजणी प्रामाणिक असली तरी ती भाषेच्या वेशीपाशीं येऊन थांबते. थोड्या लोकांच्या भाषेंतील चांगली कृति तिच्या दाराबाहेरच राहते.

ही वेस ओलांडण्याचें काम दुसऱ्या कौलानें केलें. भारत सरकारनें चित्रपटांसाठीं शासकीय पारितोषिकें सुरू केलीं; तींच पुढें राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार या नांवानें प्रसिद्ध झालीं. १९५३ सालच्या सर्व भाषांतील चित्रपटांचा विचार त्यांत व्हावयाचा होता. प्रथम प्रादेशिक समित्यांनीं चित्रपट पाहावयाचे आणि त्यांतून निवडलेले मध्यवर्ती समितीनें पाहून निर्णय द्यावयाचा, अशी योजना होती. १० ऑक्टोबर १९५४ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें हीं पारितोषिकें दिलीं गेलीं. उत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक ‘श्यामची आई’स मिळालें. ‘दो बिघा जमीन’ आणि देवकी बोस यांचा ‘भगवान श्रीकृष्ण चैतन्य’ हा बंगाली चित्रपट, या दोहोंस गुणपत्रें मिळालीं. माहितीपटांत जगत मुरारी यांच्या ‘महाबलिपुरम्’ला सुवर्णपदक मिळालें, हेच जगत मुरारी पुढें पुण्यांत प्रभातच्या जुन्या आवारांत स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले.

‘श्यामची आई’चें मूळ एका शिक्षकाच्या पुस्तकांत आहे. पांडुरंग सदाशिव साने हे रत्नागिरी जिल्ह्यांतील पालगडचे. १९२४ पासून १९३० पर्यंत त्यांनीं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षकाचें काम केलें, छात्रालय सांभाळलें, आणि मग स्वातंत्र्याच्या लढ्यांत उडी घेतली. १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत, अवघ्या पांच दिवसांत, त्यांनीं आपल्या आईच्या आठवणी लिहून काढल्या. आश्रमांतील सोबत्यांस श्याम रोज रात्रीं एक आठवण सांगतो, अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें आणि मराठी घरोघरीं गेलें. ज्या घरांत कादंबरी वाचण्यास मुलांना मनाई असे, त्या घरांतही हें पुस्तक मुलांच्या हातीं दिलें जाई.

चित्रपट काढणारे अत्रे हेही मुळांत शिक्षकच. पुण्यास कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनीं सांभाळलें, लंडनला जाऊन अध्यापनाचें रीतसर शिक्षण घेतलें, मुलांसाठीं ‘नवयुग वाचनमाला’ सिद्ध केली. महाराष्ट्रास ते ठाऊक होते ते विनोदी नाटककार, ‘झेंडूचीं फुलें’चे विडंबनकार आणि कोणाची भीड न ठेवणारे वक्ते म्हणून. अशा माणसानें साने गुरुजींच्या हळव्या पुस्तकास हात घालावा, हें वरवर पाहतां विसंगत वाटेल. परंतु हंसविणाऱ्या माणसास रडें अपरिचित असतें असें थोडेंच आहे? लेखणी टाकून कॅमेऱ्याकडे वळतांना अत्र्यांनीं आपला सारा भडकपणा बाजूस ठेवला, आणि कोंकणांतील एका गरीब घराची कथा तिच्या स्वाभाविक गतीनें सांगितली.

आईच्या भूमिकेसाठीं त्यांनीं वनमालाबाईंची निवड केली. या बाई पदवीधर, ग्वाल्हेरच्या प्रतिष्ठित घराण्यांतल्या, आणि सोहराब मोदी यांच्या ‘सिकंदर’ या १९४१ सालच्या भव्य चित्रपटांतून रूपवती नायिका म्हणून नांवारूपास आलेल्या. त्या रूपाचा मोह सोडून नऊवारी सुती लुगडें नेसलेली, चूल आणि देव्हारा यांच्यामध्यें झिजणारी ब्राह्मण गृहिणी त्यांनीं उभी केली. श्यामचें काम माधव वझे या शाळकरी मुलानें केलें. पुढें ते नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून मान्यता पावले. संगीत प्रभातच्या तालमींत तयार झालेल्या वसंत देसाई यांचें होतें.

येथें मागची एक गोष्ट आठवते. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांस एकही स्त्री मिळाली नाहीं. अखेर अण्णा साळुंके या पुरुषास लुगडें नेसवावें लागलें. चित्रपटांत काम करणें म्हणजे कुलशील गमावणें, अशी तेव्हांची समजूत. त्यानंतर एक्केचाळीस वर्षांनीं एका पदवीधर स्त्रीनें साकारलेल्या आईच्या चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. ज्या धंद्याकडे प्रतिष्ठित घरांनीं पाठ फिरविली होती, त्या धंद्याच्या गळ्यांत राष्ट्राच्या प्रथम नागरिकाने पदक घातलें, हा त्या दिवसाचा खरा अर्थ होता.

या पदकाविषयीं एक शंका घेतां येण्याजोगी आहे, आणि ती टाळणें बरें नव्हे. सरकारी समितीस बोधपर कथा आवडणार हें उघडच. मग ‘श्यामची आई’स मिळालेला मान चित्रपटाचा कीं त्यांतील सदुपदेशाचा? पोहण्यास भिणाऱ्या मुलास शिंपटीनें झोडून पाण्यांत पाठविणारी, डोक्यावर मोळी पेलत नसलेल्या अस्पृश्य मानलेल्या म्हातारीस मदत करावयास मुलाला धाडणारी आई नव्या राष्ट्राच्या सरकारास आदर्श वाटली असेल, यांत नवल नाहीं. पण ही शंका पूर्णपणें टिकत नाहीं. पुढच्याच वर्षीं तें सुवर्णपदक सोहराब मोदी यांच्या ‘मिर्झा गालिब’ला गेलें, तो चित्रपट कवि आणि एक गायिका यांच्या प्रेमाचा. त्याच्या पुढच्या वर्षीं तें सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला गेलें; त्यांत उपदेशाचा एक शब्दही नाहीं. तेव्हां समितीजवळ केवळ सुभाषितें मोजण्याचा तराजू होता, असें म्हणतां येणार नाहीं.

शिवाय ‘श्यामची आई’ आणि ‘दो बिघा जमीन’ या दोन कृति शेजारीं ठेवून पाहिल्या, तर त्या वाटतात तितक्या दूरच्या नाहींत. दोन्हींच्या मुळाशीं कर्ज आहे. शंभूची जमीन कर्जापायीं जाते. श्यामच्या वडिलांच्या घरावर कर्जापायींच जप्ती येते आणि गांवांत दवंडी पिटली जाते. शंभूचा मुलगा कन्हैया शहरांत बूट पुसतां पुसतां चोरीच्या मोहास बळी पडतो आणि बापाच्या रागास पात्र होतो. साने गुरुजींच्या पुस्तकांतील श्यामही पुस्तकें घेण्याच्या लोभानें पैसे चोरतो आणि आईपुढें उभा राहतो. दोन्ही ठिकाणीं दारिद्र्य माणसाचें घर हिरावून घेतें आणि मुलाचें मन मळवूं पाहतें. आणि दोन्ही ठिकाणीं आईबाप जिवाच्या करारानें झगडतात तें मुख्यतः मुलाचें मन मळूं नये म्हणून. एकानें ही गोष्ट कलकत्त्याच्या डांबरी रस्त्यावर सांगितली, दुसऱ्यानें कोंकणांतील सारवलेल्या ओटीवर. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सहा वर्षें झालेल्या देशास त्या वर्षीं कोणतें दुःख सलत होतें, तें या दोन चित्रपटांनीं मिळून सांगितलें आहे. त्यांतील एकास वर आणि एकास खालीं बसविणें हें समितीचें काम. त्यांस शेजारीं बसविणें हें प्रेक्षकाचें.

‘दो बिघा जमीन’ची कीर्ति त्या गुणपत्रानें कमी झाली नाहीं. त्याच १९५४ सालीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत त्यास आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. अत्र्यांनींही पदकावर संतुष्ट होऊन हात आंखडला नाहीं. लगेच ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला, आणि १९५४ सालच्या चित्रपटांत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें. प्रत्येक भाषेंतील उत्कृष्ट चित्रपटास वेगळें पदक देण्याची पद्धति त्याच दुसऱ्या वर्षापासून पडली. मराठीस मात्र सर्व भाषांतील पहिल्या क्रमांकाचा मान पुन्हां लाभण्यास पन्नास वर्षें वाट पाहावी लागली. २००३ सालच्या चित्रपटांत ‘श्वास’ हा तो दुसरा मानकरी.

शासकीय पारितोषिकांचेंही एक न्यून होतें. तीं कृतीस दिलीं जात, कलावंतास नव्हे. नट व नटी यांस स्वतंत्र सन्मान देण्याची सुरुवात १९६७ सालच्या चित्रपटांपासून झाली आणि पहिले मानकरी उत्तमकुमार व नर्गिस हे ठरले. त्यामुळें ज्या मुद्रेवर ‘श्यामची आई’ ओळखली जाते, त्या वनमालाबाईंच्या अभिनयास दिल्लीच्या समारंभांत वेगळें स्थान नव्हतें. वाचकांच्या कौलांत बलराज साहनी राहून गेले, समितीच्या कौलांत वनमालाबाई. दोन मापें लावूनही दोन माणसें निसटलीं तीं निसटलींच.

आणि एक माणूस तर दोन्ही मापांच्या पलीकडे गेलेला होता. साने गुरुजी ११ जून १९५० रोजींच हें जग सोडून गेले. आपल्या आईची कथा पडद्यावर आलेली त्यांनीं पाहिली नाहीं, दिल्लीस तिचा गौरव झालेला त्यांनीं ऐकला नाहीं. ज्या बाईच्या नांवें हा सारा गौरव झाला, ती यशोदाबाई तर १९१७ सालींच, दारिद्र्यांत आणि दुखण्यांत, मुलगा दूर शिकत असतांना निघून गेली होती. तिला कोणतेंही पदक ठाऊक नव्हतें. मुलानें तुरुंगांत बसून तिच्याविषयीं लिहिलें तें पदकासाठीं नव्हे. मनांत सांठलेलें प्रेम कोठेंतरी ठेवावयास हवें होतें म्हणून.

पारितोषिक हें उत्तर-पत्रिकेवरील गुणांसारखें असतें. तें परीक्षकाच्या हातून मिळतें, तें खरें असतें, त्यानें मुलाची पाठ थोपटली जाते आणि पुढच्या वर्गाचें दार उघडतें. पण मुलगा काय शिकला, तें त्या आंकड्यांत सगळें मावत नाहीं. १९५४ सालच्या दोन कौलांनीं आपापलें काम चोख केलें. वाचकांनीं एका रिक्षावाल्यास मान दिला, आणि समितीनें एका प्रांतभाषेंतील आईस सर्व देशापुढें नेऊन उभें केलें. त्या दोन यादींत कोण पहिलें आणि कोण दुसरें हें पाहण्यास आज जुनें दप्तर उघडावें लागतें. शंभूच्या हातांतून सुटलेली ती मूठभर माती आणि हातांत शिंपटी घेऊन विहिरीच्या कांठीं उभी असलेली ती आई मात्र, ज्यांनीं एकदां पाहिलीं, त्यांस आठवण्यासाठीं कोणतेंही दप्तर उघडावें लागत नाहीं.